जोकरचा धाक झाडीपट्टीच्या मंचावर कसा उभा करायचा?

खलनायक_आरमोरी

नमस्कार जी सगळ्यांना. मी आरमोरीकडचा. पावसाळ्यात धान आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली नाटकं, असं माझं वर्ष जातं. काम खलनायकाचंच करतो. पाटील केला, सावकार केला, भोंदू महाराज केला, तेंदूपत्त्याचा ठेकेदार केला. सगळ्यांची घडण सारखी: खर्जातला आवाज, वटारलेले डोळे आणि अंक संपताना मंच दणाणून सोडणारं हसू. ते हसू मी मनापासून करतो, कारण रात्री दोन वाजता तणसावर चादर पांघरून बसलेल्या माणसाला जागं ठेवायची जबाबदारी खलनायकाची असते. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी बोटं मोडून शिव्या घातल्या की काम जमलं असं आम्ही धरतो.

यंदा मला राइस मिलच्या मालकाची भूमिका आली आहे आणि लेखकानं हा माणूस फार वेगळा लिहिला आहे. तो एकदाही ओरडत नाही. सगळं बोलणं वजनकाट्याजवळ उभं राहून, पोत्यावर हात ठेवून. दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक कास्तकार आपल्या पोराला घेऊन त्याच्याकडं येतो. मालक त्याला धमकी देत नाही, पाणी विचारतो, पोराला जवळ बसवतो, शाळेची चौकशी करतो. आणि पाचेक मिनिटांत तो कास्तकार आपल्या हातानं कागदावर अंगठा उठवतो. एवढाच प्रवेश. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

संहिता वाचता वाचता डोळ्यासमोर एकच नट उभा राहिला: ‘द डार्क नाइट’ या बॅटमनच्या सिनेमातला खलनायक जोकर, म्हणजे हीथ लेजर. हा सिनेमा २००८ चा. मी तो आधी मोबाइलवर हिंदीत पाहिला होता, मग भाच्यानं मूळ इंग्रजी आवाजातला लावून दिला. इंग्रजी मला बेताचं कळतं, पण आवाजानं मला धरून ठेवलं. एकाच वाक्यात तो वरच्या पट्टीत चढतो, मधेच घसरून पार खाली येतो, आणि कोणत्या शब्दावर घसरेल याचा अंदाज लागत नाही. मान पुढं काढलेली, खांदे पडलेले, जीभ सारखी ओठाच्या कडेला. गुंडांच्या बैठकीत तो शिरतो तेव्हा माणूस दिसायच्या आधी त्याचं हसू ऐकू येतं, आणि त्या हसण्यात आनंदाचा लवलेश नाही. आमच्या हसण्याच्या नेमकं उलट.

पोलिसाच्या गाडीतून डोकं बाहेर काढून वारा खात जातो तो तुकडा मी फिरून फिरून पाहिला. तिथं तो कुणाला मारत नाही, बोलत नाही, रस्त्याचा आवाजही काढून टाकला आहे. तरी मला तीच जागा सगळ्यात वाईट वाटते.

आता माझी अडचण. तिथं कॅमेरा नाकासमोर आहे, पापणी हलली तरी दिसते. माझ्यासमोर गावचं अख्खं मैदान, मंचावर वरून टांगलेले माइक, आणि मागचे लोक पार मोटारसायकली लावल्या तिथपर्यंत. मी आवाज उतरवला की मागची पोरं चहाच्या टपरीकडं जातात. दिग्दर्शक म्हणतात, ‘मोठ्यानं बोल, लोकाईले खलनायक समजला पायजे.’ त्यांचंही खरं आहे, कंपनीला तारखा मिळवायच्या आहेत. पण हा मालक ओरडला तर तो मेलाच असं माझं मन सांगतं.

दुसरं असं की आमच्या कंपनीतली पोरं सांगतात, लेजर या भूमिकेपायीच गेला, महिनाभर खोलीत कोंडून घेतलं आणि डोकं फिरलं. खरं आहे का? मला घर आहे, लेकरं आहेत, धान कापणीवर आला आहे. पण एवढं केल्याशिवाय तसं काम होतच नसेल, तर तेही कळू द्या.

पडद्यामागचा

भाऊ, मी सिंदेवाहीकडचा, प्रॉम्प्टर. तुमी ज्या शांततेची गोष्ट करता तिचा पहिला शत्रू मीच आहे, म्हणून आधी मी बोलतो.

आपल्याकडं मोजक्या तालमीत नाटक उभं राहते. नटाचं अर्धं चित्त माझ्या आवाजाकडं असते. नट थांबला की मला वाटते अडला, मी पुढची ओळ टाकतो. तुमी थांबलात कास्तकाराचा चेहरा वाचायले, अन् माझा आवाज माइकात शिरला, की प्रवेश खलास. म्हणून तालमीच्या दिवशी तुमच्या प्रॉम्प्टरजवळ बसा, संहितेत जिथं जिथं थांबायचं तिथं लाल पेन्सिलनं आडवी रेघ मारून घ्या, अन् एक खूण ठरवा. पोत्यावरचा हात उचलला की ‘ओळ पाहिजे’, हात पोत्यावर आहे तोवर मी गप. ही खूण मी एका जुन्या नटासोबत ठेवली होती, कधी चुकली नाही.

दुसरा शत्रू समोरचा नट. झाडीपट्टीत रिकामी जागा दिसली की माणूस ती भरते, त्याची सवयच असते. कास्तकाराचं काम करणाऱ्याला आधी विश्वासात घ्या.

आता आवाज. तुमी लेजरचे जवळून घेतलेले तुकडे पाहून घाबरता, पण त्याच सिनेमात दोन प्रवेश अगदी आपल्या मंचासारखे आहेत. एक तुमी लिहिला तो गुंडांच्या बैठकीचा, टेबलाभोवती माणसं बसलेली. दुसरा श्रीमंतांच्या मेजवानीचा, लिफ्टमधून जोकर येते अन् भरलेल्या दिवाणखान्यात पाहुण्यांमधून फिरते. त्यात बॅटमनच्या घरच्या नोकराचं काम करणाऱ्या मायकेल केननं पुढं मुलाखतीत सांगितलं आहे, की तो लिफ्टमधून असा आला तेव्हा आपण स्वतःची वाक्यं विसरलो. केन त्या वेळी सत्तरी ओलांडलेला, जन्म कॅमेऱ्यापुढं गेलेला माणूस. त्या दोन्ही प्रवेशांत जोकर कुजबुजत नाही. खोलीच्या टोकाच्या माणसालाही ऐकू जाईल असं बोलते. गती मात्र त्याच्या हातात असते: एक वाक्य ओढत, दुसरं झटक्यात, मधे खाणं उचलून तोंडात.

तेवढंच करा. दम पोटातून घ्या, आवाज पुरता द्या, फक्त घाई काढा. अन् काटा कुठं मांडायचा ते नेपथ्यवाल्यावर सोडू नका. माइकाच्या बरोबर खाली काटा मांडला तर हळू बोललेलं पण शेवटच्या माणसापर्यंत जाते. साउंडवाल्याले दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो एक माइक वाढवायले सांगा, बाकीचे उतरवायले सांगा. आमच्याकडं एका विधवेच्या प्रवेशात असंच केलं होतं. टपरीवरची पोरं चहाचे कप घेऊन परत आली होती.

मास्तरीण_साकोली

खलनायकदादा, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ही अफवा माझ्या वर्गातली मुलंही सांगतात आणि मला तिचा राग येतो.

हीथ लेजर २२ जानेवारी २००८ ला न्यू यॉर्कमध्ये गेला. वय २८. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेगवेगळ्या औषधांचा एकत्र परिणाम होऊन, अपघातानं, असा तिथल्या वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष होता. जोकरचं चित्रीकरण तोवर आटोपलेलं होतं आणि तो दुसऱ्या एका सिनेमाचं काम करत होता. त्याला झोप लागत नसे, हे त्यानं स्वतः २००७ मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं. पण त्याच्या बहिणीनं पुढं स्पष्ट सांगितलं, की जोकर करताना तो खुशीत होता, त्या भूमिकेनं त्याला खाल्लं हे खोटं आहे. सिनेमा जुलै २००८ मध्ये लागला आणि २००९ च्या फेब्रुवारीत सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्याच्या आईवडिलांनी आणि बहिणीनं स्वीकारलं. एका घरानं सोसलेलं दुःख आहे ते. त्याची जाहिरात करून पोरांना ‘जीव द्यावा तेव्हा कला येते’ असं शिकवणं मला पाप वाटतं.

खोलीची गोष्ट खरी आहे, पण ती वेड लागायची गोष्ट नाही. लंडनच्या हॉटेलात तो साधारण महिनाभर बसला, एक वही केली, आवाज शोधला. तुमच्याकडं महिना नाही, पण वही करता येईल. मिलमालकाची वही करा. तो सकाळी उठून काय पाहतो, कोणत्या पोत्याला हात लावतो, कुणाचं नाव विसरल्यासारखं करतो, हे लिहा.

आता जोकरबद्दल मला जे वाटतं ते. १९८९ च्या ‘बॅटमन’ सिनेमात जॅक निकल्सनचा जोकर होता. त्याला नाव होतं, पूर्वीची गुंडगिरी होती, रसायनाच्या हौदात पडून तो तसा झाला हे आपल्याला दाखवलं होतं. दिग्दर्शक क्रिस्तोफर नोलननं २००८ मध्ये हे सगळं काढून घेतलं. पोलीस त्याला धरतात तेव्हा बोटांचे ठसे जुळत नाहीत, कपड्यांवर शिंप्याची चिठ्ठी नाही, खिशात चाकू. गालावरच्या जखमांची तो एकदा बापाची गोष्ट सांगतो, पुढच्या वेळी बायकोची. दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी येईल इतक्या खरेपणानं. दुसरी गोष्ट ऐकताना आपल्याला कळतं की पहिलीही खोटी असणार, आणि मग पायाखाली काही उरत नाही. पैशांचा डोंगर मिळतो तर तो पेटवून देतो. म्हणजे त्याच्याशी सौदा होऊ शकत नाही. आपल्या नाटकातल्या खलनायकाला जमीन हवी असते, पोरगी हवी असते, खुर्ची हवी असते, त्यामुळं प्रेक्षकाला हिशेब मांडता येतो. जोकर तो हिशेबच मांडू देत नाही.

पण तुमच्या प्रवेशासाठी मला याहूनही महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. जोकर प्रत्येक वेळी निर्णय समोरच्याच्या हातात देतो. गुंडाला मारल्यावर त्याच्या माणसांपुढं तुटकी काठी टाकतो आणि निघून जातो, पुढचं त्यांनी आपसांत ठरवायचं. बॅटमनला दोन ठिकाणांचे पत्ते देतो, दोन्हीकडं एकेक माणूस अडकलेला, एकालाच वाचवता येईल, आणि पत्ते मुद्दाम उलटे सांगतो. इस्पितळात सरकारी वकील हार्वी डेंटच्या हातात पिस्तूल देऊन स्वतःच त्याच्या नळीला कपाळ लावतो. शेवटी दोन बोटी, दोन्हींत बारूद, एकमेकींची कळ एकमेकींच्या हातात. आणि बहुतेक वेळा तो पाहत बसतो. लेजरचं काम मला तिथं सगळ्यात मोठं वाटतं, या पाहण्यात. तो समोरच्याचं ऐकतो, फार लक्ष देऊन ऐकतो. बॅटमन त्याला बडवत असतो तेव्हाही तो त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत असतो.

तुमचा मालक नेमकं हेच करतो! अंगठा कास्तकार उठवतो. म्हणून त्या पाच मिनिटांत तुम्ही स्वतःला दाखवू नका. पोराच्या शाळेची चौकशी करता ना, ती खरी करा. कितवीत आहे, गणित जमतं का, घरून शाळा किती लांब. उत्तर पूर्ण ऐका. बाप समोर बसून आपल्या पोराचं कौतुक त्या माणसाच्या तोंडून ऐकतो आहे आणि त्याला कळतं आहे की याला आता पोराचा रस्ता माहीत झाला. शेवटच्या ओळीपर्यंत हे जाईल का म्हणता? बापाचा हात पोराच्या खांद्यावर सरकला की जाईल. भीती त्याच्या अंगावर दिसू द्या.

कापूसपट्टा_वणी

राजेहो, मी वणीकडचा, कापसाच्या पट्ट्यातला. मास्तरीनबाईनं लय चांगलं लिवलं, पन एका गोष्टीले माह्यी हरकत हाये.

जोकरले काईच नाई पायजे, म्हनून तो भेव दाखवते, हे शहरातल्या मानसासाठी ठीक हाये. आमच्याकडं ज्याचं भेव वाटते त्याले सगळंच पायजे असते, अन् ते बी कायद्यात बसवून. तो नोटा पेटवत नाई, थुंकी लावून मोजते. माह्या बापानं कापूस घेऊन अशा मानसाच्या दारात रात रात काढल्या हायेत. त्या मानसानं बापाले कधी अरे म्हटलं नाई. भाऊ म्हनून बोलावे, चहा पाजे, अन् वजनात मारे. बाप घरी येऊन आजारी पडल्यावानी खाटेवर पडून राये. म्या लहानपनी त्या मानसाचं धोतर पायलं की घरात पये.

तवा खलनायकभाऊ, त्या मिलमालकाले येडा करू नका. जीभ फिरवनं, मान वाकडी करनं, आवाज वरखाली करनं, यातलं काईच घेऊ नका. लोक म्हनतीन नट जोकरची नक्कल करून रायला, अन् लेकरं हासतीन. लेजरनं त्याच्या गोथम शहरातला मानूस शोधला, तुमी तुमच्या तालुक्यातला शोधा. तुमाले तो मालूम हाये. सगळ्याईले मालूम हाये.

अन् त्याले हिशेब चोख येऊ द्या. सांगून ठेवतो, मैदानात बसलेल्या दर दुसऱ्या मानसानं धान घेऊन तसा काटा पायला असन. तुमी वजनाचा आकडा बोललात अन् तो पोत्याच्या मानानं कमी निंगाला, तर एक शब्द न बोलता अख्ख्या मैदानाले समजन.

मास्तरीण_साकोली

वणीवाले दादा, वजनाच्या आकड्याचं तुमचं म्हणणं मला फार पटलं. नक्कल करू नये हेही. पण मालकाला सगळं हवं असलं तरी त्या पाच मिनिटांत ते दिसू नये, एवढं मी धरून आहे. हवं असणं दिसलं की कास्तकाराला नाही म्हणायला जागा मिळते.

ऑर्गनवाला_वडसा

मी ऑर्गन वाजवतो, वडशातच असतो. संगीताकडं कुणी गेलं नाही म्हणून लिहितो.

हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड या दोघांचं त्या सिनेमाला संगीत आहे. बॅटमनला त्यांनी भरघोस वाद्यवृंद दिला आणि जोकरला जवळजवळ एकच सूर. चेलोवर धरलेला, हळूहळू ताणत नेलेला, सुटतच नाही असा. तारांवर दाढीचं पातं घासून पाहण्यापर्यंत झिमरनं प्रयोग केले. ऐकताना कान म्हणतो आता हा सूर कुठंतरी टेकेल, आणि तो टेकत नाही. जोकर दिसायच्या आधी तो सुरू झालेला असतो, आणि कधी सुरू झाला ते लक्षात येत नाही.

आपल्याकडं खलनायक आला की ऑक्टोपॅडवर धडाम, झांजेवर छन्न. लोक दचकतात, दोन सेकंदांत सावरतात. तुमच्या प्रवेशाला तालवाद्य पूर्ण बंद ठेवा. कास्तकार पोराला घेऊन येतो, अजून मालक मंचावर नाही, तेव्हाच ऑर्गनवाल्यानं खालच्या सप्तकात एक सूर धरायचा, भाता इतका हळू की पहिल्या ओळीलाही पंख्याचा आवाज वाटावा. मालक आला तरी सूर बदलायचा नाही. आणि मालक पोराला पहिला प्रश्न विचारतो त्या क्षणी सूर तोडायचा. पोलिसाच्या गाडीचा तुकडा तुम्हाला का चिकटला ते यात आहे. आवाज काढून घेतला की माणूस कान टवकारतो. त्या सिनेमाला दुसरं ऑस्कर ध्वनिसंपादनाचंच मिळालं.

अंगठा उठल्यावरही काही वाजवू नका. पडदा नुसता पडू द्या. मंडळवाले कुरकुर करतील, पहिल्या प्रयोगापुरती करू द्या.

खलनायक_आरमोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जागून सगळं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. लेजरबद्दलचं वाचून तिला बरं वाटलं. पोरांना मी उद्याच सांगणार आहे.

ठरवलं ते लिहितो. वही सुरू केली. पहिल्या पानावर लिहिलं, की हा माणूस कुणाचंही पोतं उघडून मूठभर धान तळहातावर घेतो, फुंकर मारतो, आणि धान परत पोत्यात टाकत नाही, खिशात टाकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वणीवाले भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून माझा माणूस मला सापडला. जीभ, मान, आवाजाची वरखाली, यातलं काही घेणार नाही. वजनाचा आकडा लेखकाला विचारून टाकतो. चाळीस किलोचं पोतं दिसायला भरलेलं आणि मालक शांतपणे सदतीस बोलतो, एवढंच. पुढच्या संवादात त्याचा उल्लेखही नको.

मास्तरीणबाई, पोराचं काम करणारा मुलगा खराच सहावीतला आहे. तालमीत त्याला संहितेबाहेरचे प्रश्न विचारून पाहिले. तो गडबडला नाही, खरी उत्तरं देत गेला, वाटेत नाला लागतो हेही सांगून बसला. आणि कास्तकाराचं काम करणारे आमचे काका त्याला न सांगता एकदम उठून उभे राहिले. दिग्दर्शक पाहत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘हेच ठेवा, पण नाल्याचं मोठ्यानं बोलू दे.’ मोठ्यानं बोलायचंय ते पोरानं, मी नाही, म्हणजे माझं काम झालं.

रंगाचा एक विचार आहे. लेजरचा रंगभूषाकार जॉन कॅग्लियोनी, तो पांढरा रंग लावताना लेजरला कपाळ-गाल आवळायला लावायचा. मग चेहरा मोकळा सोडला की रंगाला भेगा दिसायच्या. मला वाटलं तसाच धानाच्या कोंड्याचा थर आपण चेहऱ्यावर घ्यावा. पण मिलमध्ये कोंडा हमालाच्या अंगावर असतो, मालकाच्या नाही. म्हणून चेहरा स्वच्छ ठेवतो, सदरा कडक इस्त्रीचा, आणि कोंडा फक्त उजव्या हाताला. त्या हातानं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला की केसांत पांढरं राहील. मंडपातल्या दिव्यांत ते मागपर्यंत दिसेल का, कुणी रंगभूषा करणारं असेल तर सांगा.

पडद्यामागचे भाऊ, काटा माइकाखाली घेतला, आणि हाताची खूण आमच्या प्रॉम्प्टरला पटली.

ऑर्गनवाले दादा, सूर कोणता धरायचा? माझ्या प्रवेशाच्या लगेच आधी हीरोचं गाणं आहे, त्याची पट्टी काळी दोन.

ऑर्गनवाला_वडसा

काळी दोन असेल तर पांढरी तीन धरा, खालच्या सप्तकात. हीरोच्या षड्जाला तो कोमल रिषभ पडतो, म्हणजे सा ला अगदी लागूनचा सूर. लोकांच्या कानात हीरोचा सा अजून असतो, त्याला हा घासत राहील. गाणं संपल्यावर टाळ्या होऊ द्या, वन्स मोअर आला तर तोही द्या, टाळ्या सुरू असतानाच सूर धरायचा. तुमच्या ऑर्गनवाल्याला माझा निरोप सांगा, भाता पायानं हळू, आणि पांढऱ्या तीनवरचं बोट पोराला प्रश्न विचारेपर्यंत उचलू नको म्हणावं.

पडद्यामागचा

कोंडा दिसते जी. काळ्या केसावर नक्कीच दिसते. पोराले तेल लावून आणा.